सूर्य उजळू नका, आकाश उतरवा

प्रश्न असा आलाय, सोबत चित्राचा फोटोही: “क्लोद मोनेचं ‘इम्प्रेशन, सनराइज’ ॲक्रिलिकमध्ये तिसऱ्यांदा करतोय, तीन बाय दोन फुटांच्या कॅनव्हासवर. सूर्य टिकली चिकटवल्यासारखा दिसतो. पिवळा घालून पाहिला, पांढरा घालून पाहिला. उजळतो, पण तेज काही येत नाही. दुसरं, हे गजबजलेल्या बंदराचं चित्र आहे म्हणतात, पण मला धुक्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. मागे नेमकं आहे काय?”

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमचा सूर्य फसतोय तो आकाशामुळे, आणि आकाश फसतंय ते बंदर कळलेलं नसल्यामुळे.

त्याआधी एक बारीक गोष्ट. मूळ चित्र ४८ बाय ६३ सेंटिमीटरचं आहे, म्हणजे चित्रकलेच्या कागदाच्या अर्ध्या इम्पीरियल शीटपेक्षा जरा मोठं. तुमचा तीन बाय दोन फुटांचा कॅनव्हास त्या प्रमाणात बसतच नाही. तीन फूट रुंदी ठेवायची तर उंची साधारण साडेसत्तावीस इंच हवी. तुम्ही साडेतीन इंच कुठूनतरी कापलेत. बहुतेक जण खालच्या पाण्यातून कापतात, आणि मग होडी फ्रेमच्या कडेला येऊन टेकते. पुढचा कॅनव्हास मोजून घ्या.

आता बंदर. हे ल हाव्र. सीन नदी जिथे इंग्लिश खाडीला मिळते तिथलं, फ्रान्सचं अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांचं बंदर. मोनेचा जन्म पॅरिसचा, १८४० सालचा, पण वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास घर ल हाव्रला आलं आणि तो तिथेच वाढला. घरचा धंदा जहाजांना आणि दुकानांना माल पुरवण्याचा. उघड्यावर बसून रंगवायला त्याला शिकवलं ते तिथल्याच उजेन बुदँनं, जो स्वतः आयुष्यभर किनारे, बंदरं आणि ढग रंगवत राहिला. तेव्हा हा माणूस धुकं पाहून भारावलेला प्रवासी नव्हता. कुठली डोलकाठी कुठल्या गोदीत उभी असते हे त्याला पाठ होतं. पटत नसेल तर त्यानंच १८७४ च्या सुमारास रंगवलेलं ल हाव्रच्या मोठ्या धक्क्याचं चित्र पाहा. माणसं, शिडं, दोरखंड, सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे तपशील येत नव्हता म्हणून त्यानं तो गाळलेला नाही.

‘इम्प्रेशन, सनराइज’ मात्र त्यानं हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून केलं. (उघड्यावर चित्र काढणाऱ्यांचा हा शिरोमणी, आणि त्याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र खोलीत बसून काढलेलं. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते जरा हिरमुसतात.) हॉटेल धक्क्यावरच होतं आणि खिडकीतून समोर बाहेरचं बंदर दिसे. उंचावरून पाहिल्यामुळेच क्षितिज कॅनव्हासच्या मध्याच्या वर आलंय आणि पुढची होडी बरीच खाली. आज तिथे जाऊन ताडून पाहता येत नाही. सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बफेकीत शहराचा मधला भाग जवळजवळ भुईसपाट झाला. आताचं ल हाव्र म्हणजे ऑग्युस्त पेरे या वास्तुविशारदानं काँक्रीटमध्ये नव्यानं उभारलेलं गाव.

डावीकडून उजवीकडे वाचत जा. डाव्या बाजूच्या उभ्या रेघा झाडांच्या नाहीत. उंच डोलकाठ्यांची शिडाची जहाजं आहेत ती, आणि त्यांच्या मागे धूर सोडणारी धुराडी. मधोमध, जिथे रेघा विरळ होतात आणि मोकळी वाट दिसल्यासारखी वाटते, तिथे आतल्या गोदीत शिरायचा दरवाजा आहे, अटलांटिक पार करणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी बांधलेला. उजवीकडे पुन्हा डोलकाठ्या आणि क्रेन. त्या भागात तेव्हा बंदराचं बांधकाम चालू होतं. पाण्यावर तीन होड्या एका तिरक्या ओळीत आहेत. पहिली गडद, दुसरी फिकी, तिसरी असून नसल्यासारखी. पहिलीत दोन माणसं आहेत, एक उभा राहून वल्हवतोय.

आता भरती-ओहोटी. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण घाटावरच्यांसाठी सांगतो. अशा गोदीला दरवाजे असतात. ओहोटीला आतलं पाणी अडवून ठेवायचं, म्हणजे जहाजं तळाला टेकत नाहीत. भरती आली की दरवाजे उघडायचे आणि त्या तेवढ्या वेळात मोठी जहाजं आत-बाहेर काढायची. मुंबईचं ससून डॉक १८७५ मध्ये सुरू झालं तेही याच जातीचं, पश्चिम भारतातलं पहिलं. मोनेच्या चित्रात बाहेरचं बंदर भरलेलं आहे आणि मोठी शिडाची जहाजं हलण्याच्या बेतात आहेत. म्हणजे ही दिवसातली सगळ्यात धांदलीची वेळ. मुकादमांची ओरड, साखळ्यांचा खडखडाट, सगळं चालू असणार त्या धुरामागे. गजबज आहे, फक्त माणसं मोजून दाखवलेली नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षं आधी जोसेफ व्हेर्ने या चित्रकारानं राजाच्या हुकमावरून फ्रान्सच्या बंदरांची पंधरा चित्रं केली होती. त्यात कुठल्या बंदरात काय माल उतरतो, लोक काय घालतात, हे सगळं दिसायला हवं अशी सरकारी अटच होती. मोनेला असला हुकूम कोणाचाच नव्हता.

टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीतले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी हे चित्र एखाद्या पंचनाम्यासारखं तपासलं. खिडकी कुठली, सूर्य कुठल्या दिशेला, भरती कधी, धूर कुठे वाहतोय, त्या दिवसांतल्या हवामानाच्या नोंदी काय म्हणतात. खिडकी आग्नेयेकडे पाहते, म्हणून सूर्य तिथे उगवतो तो हिवाळ्यातच, नोव्हेंबरच्या मध्यात किंवा जानेवारीच्या शेवटी. भरती जुळणाऱ्या सकाळी मोजक्या, आणि त्यातल्या खराब हवेच्या वगळल्या की आणखी मोजक्या. चित्रावर ‘७२’ असं साल घातलेलं आहेच. २०१४ मध्ये निष्कर्ष बाहेर आला: सगळ्यात जास्त शक्यता १३ नोव्हेंबर १८७२ ची, सकाळी साडेसातच्या जरा पुढे. सूर्य क्षितिजापासून फक्त दोन-तीन अंश वर. खरंच हीच तारीख असेल तर दुसऱ्या दिवशी मोनेला बत्तीस वर्षं पूर्ण होणार होती.

याच तपासणीनं एक जुना वादही मिटला. अर्नेस्ट ओशेदे या व्यापाऱ्यानं हे चित्र १८७४ मध्ये ८०० फ्रँकला घेतलं. पुढे त्याचं दिवाळं निघालं, १८७८ च्या लिलावात ते २१० फ्रँकला गेलं, आणि त्या यादीत नाव पडलं होतं ‘सूर्यास्त’. बरीच वर्षं लोक शंका घेत राहिले. पण आग्नेयेला सूर्य मावळत नाही, विषय संपला.

हे सगळं एवढं सांगण्याचं कारण: तुम्ही ‘सकाळ’ हा शब्द वाचून आकाश रंगवलंय. फिकं, दुधाळ, प्रसन्न. मूळ आकाश तसं नाही. थंडीतली पहाट, खाडीवरचं धुकं आणि त्यात दगडी कोळशाचा धूर. ते करडं आहे, निळसर-हिरवट, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच गडद. नोव्हेंबरातल्या कारखान्याच्या गावाचं आकाश रंगवा, भूपाळीचं नको.

आता सूर्य.

मी कॉलेजात असताना ग्रंथालयात एक जुनं, जाडजूड पुस्तक होतं. त्यात हे चित्र काळं-पांढरं छापलेलं होतं. नाव वाचलं आणि सूर्य शोधायला लागलो. होड्या सापडल्या, डोलकाठ्या सापडल्या, सूर्य मात्र नाही. जिथे असायला हवा तिथे नुसतं करडं आभाळ. छपाई भिकार आहे म्हणून पुस्तक मिटून ठेवलं. छपाईत काहीच चूक नव्हती हे कळायला मला पंधरा-वीस वर्षं लागली.

हार्वर्डच्या मेंदूविज्ञानाच्या संशोधक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी हे नीट उलगडून दाखवलंय. मोनेचा सूर्य आणि त्याभोवतीचं आकाश यांची उजळता जवळजवळ सारखी आहे. रंग काढून घेतला की सूर्य आकाशात विरघळतो. आपल्या मेंदूत पाहण्याची कामं वाटलेली आहेत. वस्तू कुठे आहे, किती लांब आहे, हलतेय का, हे पाहणारा भाग रंगांधळा असतो, त्याला फक्त उजेड-अंधाराचा फरक कळतो. वस्तू काय आहे, कुठल्या रंगाची आहे, हे दुसरा भाग पाहतो. मोनेचा सूर्य दुसऱ्याला ठसठशीत दिसतो आणि पहिल्याला जवळपास दिसतच नाही. म्हणून तो आहे हे कळतं पण नेमका कुठे टेकलाय ते ठरत नाही, आणि डोळ्यासमोर थरथरत राहतो. तुम्ही पांढरा घालून त्याला आकाशापेक्षा उजळ केलात की पहिल्या भागाला तो लगेच सापडतो, जागेवर खिळतो, आणि तुमची टिकली तयार होते.

खऱ्या धुक्यातला सूर्यसुद्धा आकाशापेक्षा कितीतरी उजळ असतो हो. मोनेनं निसर्गातलं प्रमाण उचललेलं नाही. रंगाच्या ट्यूबमध्ये सूर्याएवढा उजेड नसतो, त्यामुळे उजेडाच्या शर्यतीत तुम्ही हरणारच. त्यानं ती शर्यतच सोडली आणि सगळा भार रंगाच्या फरकावर टाकला.

केशरी आणि निळसर करडा हे रंगचक्रावर एकमेकांच्या समोरचे रंग. शेजारी ठेवले की दोघेही चढतात. हे नियमात बांधलं मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं, १८३९ मध्ये. पॅरिसच्या गोबलाँ या सरकारी विणकामखान्यात तो रंगाई खात्याचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. तपासलं तर रंगात काहीच दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. आपल्याकडे हिरव्या अंगाला लाल काठ लावणाऱ्या विणकराला हे शेव्रलकडून शिकावं लागलं नाही, पण त्यानं ते लिहूनही ठेवलं नाही.

आता तुमच्या पॅलेटवर येऊ.

आधी आकाशाचं करडं करा. काळा अजिबात वापरू नका. कोबाल्ट किंवा अल्ट्रामरीन निळा, त्यात तपकिरी बर्न्ट सिएना, पांढरा, आणि हिरवटपणा आणायला किंचित व्हिरिडियन. मूळ चित्रात कुठले रंग होते याची ही यादी नाही, मी विद्यार्थ्यांकडून करून घेतो ती आहे. जाड कागदाच्या पट्टीवर या करड्याच्या चार छटा लावा, फिक्यापासून गडदपर्यंत. दुसऱ्या पट्टीवर केशरी. कॅडमियम ऑरेंजमध्ये थोडा कॅडमियम रेड लाइट. केशरी उजळायची वेळ आली तर पांढऱ्याकडे हात नेऊ नका. पांढऱ्यानं केशरी उजळतो त्याहून जास्त गार आणि पिठूळ होतो. पिवळा घाला, तोही चिमटीनं.

दोन्ही पट्ट्या वाळू द्या. हे विसरू नका. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, आणि सगळे रंग सारख्याच प्रमाणात गडद होत नाहीत. ओल्यात जुळवलेली जोडी वाळल्यावर फुटते. तुमच्या तीनपैकी निदान एक सूर्य यामुळेच गेला असेल अशी माझी शंका आहे. वाळल्यावर पट्ट्या एकमेकांना चिकटवून धरा आणि फोनच्या कॅमेऱ्यात कृष्णधवल करून पाहा. ज्या करड्यापाशी केशरी नाहीसा होतो ते तुमचं आकाश. फोनवर पूर्ण विसंबू नका, डोळे अर्धवट मिटूनही पाहा. दोन्हीकडे कड पुसट झाली पाहिजे.

इथे बहुतेकांना धक्का बसतो, कारण जुळणारं करडं त्यांच्या कॅनव्हासवरच्या आकाशापेक्षा दोन पायऱ्या खाली निघतं. म्हणून म्हणतो, सूर्य वर न्यायचा नाही, आकाश खाली आणायचं. केशरी ट्यूबमधून जवळजवळ जसाच्या तसा राहिला पाहिजे. तो शुद्ध राहील अशा पातळीला आकाश उतरवा.

सूर्याशेजारी दुसरा कुठलाही तेज रंग नको. वरच्या आभाळात केशरी-गुलाबी झाक आहे, पण ती मळकी आहे, सूर्याशी स्पर्धा करत नाही. आणि बाटलीचं झाकण ठेवून गोल आखायचा नाही, कृपा करून. ब्रशवर पुरेसा रंग घ्या, दोन-तीन फिरकांत बसवा, सोडून द्या. मोठ्या कॅनव्हासवर सगळे सूर्य वाढवतात. तुमचाही मला मोठा वाटतो. मोजा.

जाडी कुठे आणि कुठे नाही, हेही पाहा. मी पॅरिसच्या मारमोताँ संग्रहालयात मूळ चित्रापुढे उभा राहिलो तेव्हा सगळ्यात आश्चर्य याचं वाटलं की ते किती पातळ आहे. आभाळ आणि लांबचं पाणी जवळजवळ जलरंगासारखं फिरवलेलं, काही ठिकाणी खालचा करडा थर तसाच उघडा. जाड रंग आहे तो सूर्यात आणि पाण्यावरच्या त्याच्या केशरी फटकाऱ्यांत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सगळं एकाच जाडीचं आहे, भिंतीला डिस्टेंपर दिल्यासारखं. आधी कॅनव्हासला फिक्या करड्याचा हात द्या, वाळू द्या, आणि आभाळ त्यावर इतकं पातळ लावा की काही जागी ते करडं दिसत राहील.

या पातळपणाचाच लोकांना राग आला होता. १५ एप्रिल १८७४ ला पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत, मोने, रन्वार, देगा, पिसारो वगैरे मंडळींनी स्वतःचं प्रदर्शन लावलं. यादी करणाऱ्यानं, म्हणजे रन्वारच्या भावानं, नाव विचारलं. ल हाव्रचं दृश्य म्हणून हे काही खपणार नाही हे मोनेला माहीत होतं, म्हणून ‘इम्प्रेशन’ लिहा म्हणाला. ९८ नंबरला ते लागलं. दहा दिवसांनी ‘ल शारिव्हारी’ या विनोदी पत्रात लुई लरुआनं खिल्ली उडवली: तयार व्हायच्या आधीचा भिंतकागदही या समुद्रचित्रापेक्षा पुरा झालेला असतो, अशा अर्थाची. लेखाच्या मथळ्यात त्यानं या सगळ्यांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं आणि नाव चिकटलं. लरुआ वेडा नव्हता. पुरं झालेलं चित्र कशाला म्हणायचं याची त्याची व्याख्या वेगळी होती, आणि तुमची आजची व्याख्या थोडी त्याच्यासारखीच आहे, म्हणून तुम्ही आभाळ ‘भरून’ काढताय.

होड्या शेवटी. पुढची होडी हा चित्रातला सगळ्यात गडद डाग आहे, आणि सूर्य उजळतेत आकाशाशी मिसळलेला असल्यामुळे नजर पहिल्यांदा जिथे टेकते ती जागाही हीच. ती काळी करू नका. गडद निळा-हिरवा, आठ-दहा फटकारे, माणूस धरून. दुसरी होडी त्याच रंगात आकाशाचं करडं मिसळून, तिसरी आणखी मिसळून. अंतर तेवढ्यानं होतं. पाण्याच्या आडव्या रेघा पुढे रुंद आणि सुट्या, मागे बारीक आणि एकमेकांत गेलेल्या. केशरी प्रतिबिंब सरळ पट्ट्यात ओढू नका, तुकडे करा, मध्ये पाणी राहू द्या.

मुंबईत असाल तर एक सकाळ वाया घालवा. चौपाटीवर सूर्यास्त सगळेच पाहतात, पण शहराचं बंदर पूर्वेला आहे. डिसेंबर-जानेवारीत भाऊच्या धक्क्यावर उजाडायच्या आधी पोचा. धुरक्यातून सूर्य तांबड्या थाळीसारखा वर येतो तेव्हा त्याच्याकडे टक लावून पाहू नका, त्याच्या बाजूच्या करड्याकडे पाहा आणि तेवढाच एक टोन कागदावर लावून घरी या. तुमच्या पट्टीशी ताडून पाहा.

आणि चौथा कॅनव्हास आणायच्या आधी तिसऱ्यावर एक प्रयोग करा. ॲक्रिलिक आहे, वाळलेलं आहे, बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही. सूर्यातला पांढरा झाकायला त्यावर शुद्ध केशरी पुन्हा लावा आणि वाळू द्या. मग जुळलेलं करडं ग्लेझिंग मिडियममध्ये (रंग पारदर्शक करणाऱ्या द्रवात) पातळ करून, मऊ रुंद ब्रशनं, सूर्य सोडून सगळ्या आभाळावर एक हात फिरवा. वाळलं की दुसरा. दोन हातांनी भागलं नाही तर तिसरा. प्रत्येक हातानंतर फोनवर कृष्णधवल फोटो काढा आणि सूर्य ज्या फोटोत सापडेनासा होईल तिथे थांबा.